बोलण्यावरचा वटाव

बंदराच्या कामगारांसाठी जी बस सुटते, तिच्यातली डावीकडची तिसरी खिडकी सुनेची. पुलाचा चढ लागला की ती पर्समधून ओळखपत्र काढून गळ्यात अडकवायची, कारण पूल उतरला की फाटक. त्या सकाळी ओळखपत्र हातातच राहिलं. पुलाच्या टोकाला बरेच दिवस एक रिकामी लोखंडी चौकट उभी होती. तिच्यावर आता जाहिरातीचा फलक चढला होता. पांढरीशुभ्र चादर घातलेला पलंग, उघडी खिडकी, खिडकीबाहेर समुद्र, आणि त्यावर माणसाच्या उंचीची इंग्रजी अक्षरं: द रूम इज रेडी. नोबडी एल्स इज कमिंग. खाली एका हॉटेलचं नाव. खोली तयार आहे, दुसरं कुणीही येणार नाही.

वाक्य तिचं होतं. फक्त तो 'एल्स' तिचा नव्हता.

अशा वेळी पायाखालची जमीन सरकली असं म्हणायची पद्धत आहे. तिच्या पायाखाली बस होती आणि ती खरोखरच सरकत होती. फलक आधी खिडकीभर झाला, मग मागे गेला. शेजारी वजनकाट्यावर काम करणारी मैत्रीण बसली होती. ती म्हणाली, "काय गोड आहे ना? मी फोटो काढून पाठवला आमच्या ह्यांना. म्हटलं, शिका काही तरी. लग्नाला बारा वर्षं झाली, हॉटेल सोडा, बागेत नेलं नाही."

सुनेने मान हलवली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने ओळखपत्र मागितलं तेव्हा तिने ते त्याच्या हातात दिलं आणि तशीच आत चालू लागली. "अहो मॅडम, हे घ्या की," म्हणत तो मागे धावला. नोकरीला लागल्यापासून असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

तिचं वाक्य पुलावर कसं चढलं, हे सांगायचं तर आधी तिच्या सासरी इंग्रजी कसं बोलतात ते सांगायला हवं.

सासर म्हणजे एक अरुंद तीन मजली इमारत. खालच्या दोन मजल्यांवर जाहिरातींची फर्म, वर घर. सासऱ्यांना सुनेखेरीज सगळे, अगदी त्यांची बायकोसुद्धा, चीफ म्हणत. चीफनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट आहे तशी सांगितली नव्हती, आणि तेवढ्या भांडवलावर तीन मजले उठवले होते. साबण म्हटला की तो त्यांच्या हाती पहाटेचं दव व्हायचा. बँक म्हटली की आईची कूस. सगळं इंग्रजीत, कारण गिऱ्हाईक इंग्रजीला भाव देत असे. दिवसभर खाली जे इंग्रजी विकायचं, तेच रात्री जिना चढून जेवायला बसायचं.

म्हणजे सासूबाई "आय ॲम डेड" म्हणाल्या की समजायचं, त्या जिना चढून आल्या. नणंदबाईंनी "लिटरली" हा शब्द उच्चारला की पुढचं वाक्य शब्दशः खोटं, हे दगडावरची रेघ. चिरंजीव, म्हणजे चीफचा मुलगा आणि सुनेचा नवरा, "आय विल किल हिम" म्हणाला तर कुण्या गिऱ्हाइकाने मजकूर पसंत केला नाही एवढाच त्याचा अर्थ. चहा जरा बरा झाला तर त्याने कुणाचं तरी आयुष्य बदललेलं असे. एकाच आठवड्यात त्या घरात तिघांचं हृदय तुटायचं, दोघांचा मेंदू स्फोट होऊन उडायचा, आणि रविवारी सगळे धडधाकट बाजारात जायचे.

यात कुणाची फसवणूक नव्हती. प्रत्येकाच्या बोलण्यावर ठरलेला वटाव होता. दुकानदार छापील किमतीतून सूट देतो, तसा ऐकणारा मनातल्या मनात तेवढं वजा करून उरलेलं घ्यायचा. सासूबाईंवर नव्वद टक्के, नणंदबाईंवर पंचाण्णव, चीफवर तर काही उरतच नसे, नुसता आवाज घ्यायचा. सगळ्यांना दर तोंडपाठ. अशा बाजारात ठकतो तो रोखीने बोलणारा.

सून रोखीने बोलायची. तिचा धंदाच तसा होता. बंदरात कंटेनर जिथे रचून ठेवतात, त्या यार्डाच्या नियंत्रण कक्षात ती बसायची. वर क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाला खालचं सगळं दिसत नाही. जे दिसत नाही ते त्याला वायरलेसवरून ही सांगायची. इंग्रजीतच, पण मोजून पंचवीस-तीस शब्दांत. होल्ड म्हणजे थांब. लोअर म्हणजे खाली घे. क्लिअर म्हणजे खाली माणूस नाही. आणि ती क्लिअर म्हणाली की वीस टन लोखंड खाली यायचं. तिथे कुणी भावनेच्या भरात क्लिअर म्हणत नाही.

चिरंजीव तिला तिथेच भेटला. बंदराच्या सुरक्षेवर फिल्म लिहायला आला होता. "तुझ्या आवाजात जादू आहे," तो म्हणाला. ती म्हणाली, "वायरलेस जुना आहे, घरघरतो." तो इतका हसला की लग्न ठरलं. त्या घराला कितीतरी दिवस असंच वाटत होतं की सून फार विनोदी आहे. सासूबाई एकदा म्हणाल्या, "आज माझ्या पोटात हत्ती आहेत गं, इतकी भूक लागलीय." ही म्हणाली, "भात व्हायला दहा मिनिटं आहेत." सगळे खो खो हसले. तिने घड्याळात बघितलं. दहाच मिनिटं होती.

जेवणाच्या टेबलाची एक रीत होती. कुणाच्या तोंडून चांगलं वाक्य निघालं की चीफ चमच्याने पाण्याचा ग्लास वाजवायचे. टण्ण झालं की ते वाक्य फर्मचं. मग ते फ्रिजवरच्या पांढऱ्या पाटीवर लिहायचं आणि सकाळी खाली न्यायचं. त्या पाटीवर एक टूथपेस्ट, दोन बँका आणि मुलींची एक शाळा चालली होती. घरात बोललेलं घराचं नसतं, फर्मचं असतं, हे बाळकडू तिथल्या मुलांना दुधाआधी मिळालेलं. त्यामुळे मनाला काही लागलं, अंगावर काटा आला, की त्यांचा हात आपोआप पेनाकडे जायचा. आता फोनकडे.

सुनेला दिवस गेले तेव्हा घराला मोठा हर्ष झाला. पोटातल्या बाळाला सगळे 'प्रोजेक्ट' म्हणू लागले, बाळंतपणाला 'लाँच'. मुलगा की मुलगी ते आधी विचारायचं नाही, सस्पेन्स राहू दे, हा चिरंजीवांचा हट्ट. शेवटची खोली रिकामी करून पिवळी रंगवली. पाळणा करायला टाकला. चीफनी पिवळ्या रंगालासुद्धा नाव ठेवलं: 'सकाळचं पहिलं हसू'. रंगाऱ्याच्या डब्यावर 'पिवळा, दोन नंबर' असं लिहिलेलं होतं.

आठव्या महिन्यात बाळ पोटात मेलं. सुनेला कळा आणून मेलेलं बाळ बाहेर काढावं लागलं.

ही वरची दोन वाक्यं त्या घरात कुणी कधी उच्चारली नाहीत. आपल्याकडे तसंही माणूस मरत कुठे? तो जातो, निवर्ततो, देवाघरी जातो, डोळे मिटतो. पण चीफच्या घरी त्यावर आणखी जाहिरातीचं इंग्रजी. चीफनी कर्मचाऱ्यांना सांगितलं, "लाँच पुढे ढकललंय." सासूबाई फोनवर मैत्रिणींना म्हणत, "हेवनला एक एंजल हवी होती." नणंदबाईंनी तुटलेल्या हृदयाचं चित्र पाठवलं; तेच चित्र त्यांनी मागच्या आठवड्यात मोबाईलची काच फुटली तेव्हाही पाठवलेलं होतं. आणि चिरंजीव इस्पितळात दाराबाहेर उभा असताना नर्स बाहेर आली, म्हणाली, "बाळ बघायचंय का? गुंडाळून ठेवलंय." तो इंग्रजीत म्हणाला, "मला ते स्वप्नच जपून ठेवायचंय." नर्सला दुसऱ्या खोलीत जायचं होतं. ती म्हणाली, "हो की नाही, तेवढं सांगा." त्याने मान नकारार्थी हलवली.

सून घरी आली. पंधरवडा झाला नसेल, एका संध्याकाळी पाळणेवाल्याचा फोन आला की पाळणा तयार आहे, कधी आणून टाकू. तिने सांगते म्हणून फोन ठेवला आणि पिवळ्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. चिरंजीव मागे आला. ती त्याला म्हणाली, इंग्रजीत, कारण त्या घरात मराठी गॅस आणि दुधापुरतीच उरली होती, "द रूम इज रेडी. नोबडी इज कमिंग." खोली तयार आहे. कुणी येणार नाही.

त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. ते खरं होतं, त्यात ढोंग नव्हतं. त्याचे डोळेही भरले. आणि त्याचा हात खिशात गेला, फोन बाहेर आला, अंगठे चालले.

तिने ते पाहिलं. तिला वाटलं, पाळणेवाल्याला नको म्हणून कळवतोय. तिला बरं वाटलं.

आता फलक चढला त्या संध्याकाळकडे येऊ. सून घरी पोहोचली तेव्हा टेबलावर केक होता. हॉटेलवाले खूश, फोनवर फोन येत होते. चीफनी तिला दारातच गाठलं.

"काय सूनबाई, पुलावरून आलीस ना? काय दिसलं?"

"माझं वाक्य दिसलं," ती म्हणाली.

मग चीफनी चमचा उचलून ग्लास वाजवला. "घ्या! मी म्हटलं नव्हतं? दोन वर्षं या घरातलं पाणी प्यायल्यावर दगडसुद्धा लिहायला लागेल. चिरंजीव, तू तर म्हणालास तुला सुचलं."

"सुचलं म्हणजे…" चिरंजीव केकच्या सुरीकडे बघत म्हणाला, "घरातच सुचलं. कुणाला ते मी म्हटलं नव्हतं."

"चोर," नणंद म्हणाली. "वहिनी, यू आर लिटरली अ पोएट. मी असते तर त्याला कोर्टात खेचलं असतं."

"कोर्ट कशाला? क्रेडिट देऊ," चीफ म्हणाले. "फर्मच्या पुस्तिकेत नाव येईल. 'एल्स' मात्र माझा हं. तुझं मूळ जरा उदास होतं. एक शब्द टाकला आणि बघ, रडकं वाक्य हनिमूनला गेलं."

सून अजून पर्स खांद्याला लावूनच उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, "मी हे केव्हा म्हटलं, ते सांग यांना."

"आता कशाला…"

"सांग."

"एका… इमोशनल मोमेंटला म्हणाली ती."

"पाळणेवाल्याचा फोन आला होता," सून म्हणाली. आवाज वायरलेसवर असतो तसा, ना वर ना खाली. "पाळणा तयार आहे म्हणाला. मी त्या खोलीच्या दारात उभी होते. बाळ मेलं त्याला पंधरा दिवस झाले नव्हते. खोली तयार होती, म्हणून मी म्हटलं खोली तयार आहे. कुणी येणार नव्हतं, म्हणून म्हटलं कुणी येणार नाही. मी लिहीत नव्हते, बाबा."

'मेलं' हा शब्द त्या टेबलावर पहिल्यांदाच आला होता. नणंदेने हातातली बशी आवाज न करता खाली ठेवली. चीफच्या हातातला चमचा हवेतच राहिला, जणू तो कुणाचा आहे आणि कुठे ठेवायचा ते त्यांना आठवत नव्हतं.

"असं नाही गं बोलायचं," सासूबाई कळवळून म्हणाल्या.

"मग कसं बोलायचं, आई?"

"अगं म्हणजे… ते आपल्याला सोडून गेलं."

"ते कुठे गेलं नाही. ते मेलं. मी बघितलंय."

"आपण सगळेच त्या वादळातून गेलोय, बेटा," चीफ म्हणाले.

"तुम्ही ऑफिसात होतात, बाबा."

चीफचा चेहरा असा झाला, जणू कुणीतरी त्यांच्या अंगावरचा कोट काढून घेतलाय आणि आत सदरा नाही. वाईट माणसं नव्हती ती. सासूबाई त्या दिवसांत दोन्ही वेळा सुनेचं ताट तिच्या खोलीत नेत होत्या. पण त्यांच्याकडे साधे शब्द शिल्लकच नव्हते. सगळे विकून झाले होते.

सून नवऱ्याकडे वळली. "उद्या माझी ड्युटी चारला संपते. तोवर फलक उतरला नाही तर मी फाटकावरून तशीच आईकडे जाईन. परत येणार नाही."

ती आत गेली. मग नणंद हळूच म्हणाली, "चिडलीय. होईल शांत. मी तर महिन्यातून चारदा घर सोडते."

आणि हा त्या घराचा खरा घोटाळा. एवढं सगळं ऐकूनही प्रत्येकाने आपापल्या मनात वटाव वजा केला. सासूबाईंनी 'परत येणार नाही' याचं 'दोन दिवस बोलणार नाही' करून घेतलं. चीफनी 'जरा फिरवून आण तिला' करून घेतलं. चिरंजीवांनी रात्री दाराबाहेरून सांगितलं की तू माझा श्वास आहेस. आतून उत्तर आलं नाही, तेव्हा झोप लागली असेल असं धरून तो दिवाणखान्यात आडवा झाला.

सकाळी तो खोलीत गेला तर ती ड्युटीला गेली होती. आंघोळीच्या खोलीत तिचा ब्रश नव्हता. कपाट उघडलं. तिच्या बाजूला नुसते हँगर, तेही सगळे एकाच दिशेला तोंड करून, जशी तिची सवय. वजाबाकीनंतर शून्य उरायला हवं होतं. इथे पूर्णच्या पूर्ण रक्कम समोर होती. तो खाली पलंगावर बसला आणि चांगली पाच मिनिटं त्या हँगरांकडे बघत राहिला. मग पायजम्यावरच खालच्या मजल्यावर धावला.

"चीफ, ती खरंच म्हणाली होती."

"काय?"

"जे म्हणाली ते."

चीफनी चष्मा काढला. त्यांना ते समजायला वेळ लागला, पण समजलं. "चल," ते म्हणाले. "हॉटेलात जाऊ. कपडे घाल आधी."

हॉटेलच्या जाहिरातींचं सगळं एका बाईंच्या हाती होतं. पन्नाशीच्या, कातडी पट्ट्याचं घड्याळ, टेबलावर एकही कागद नाही. चीफनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. ओळीचा आत्मा आणि ब्रँडचा आत्मा यांचं मीलन अजून परिपक्व झालेलं नाही, एक सर्जनशील पुनर्विचार, नव्या क्षितिजाची चाहूल.

बाई म्हणाल्या, "चीफ, माझ्याकडे कालपासून फोन थांबत नाहीयेत. आणखी तीन शहरांत लावायला सांगितलाय मी हाच. कुठलं क्षितिज?"

चीफनी टेबलाखालून मुलाला ढोसलं. मुलगा म्हणाला, "इट कम्स फ्रॉम अ पर्सनल वूंड."

"चांगलं सगळं जखमेतूनच येतं म्हणता ना तुम्ही? मागच्या वेळी मला तुम्हीच ऐकवलंत हे. म्हणून तर तुमच्याकडे येतो आम्ही." बाईंनी घड्याळ बघितलं. "खरं कारण काय आहे? दुसऱ्या हॉटेलाने जास्त दिलेत का?"

चिरंजीवांच्या तोंडात आणखी दोन वाक्यं तयार होती. दोन्ही चांगली होती. त्याने वडलांकडे पाहिलं, बाईंच्या रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, आणि मराठीत म्हणाला, "ते माझ्या बायकोचं वाक्य आहे. आमचं बाळ मेलं. त्याच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. ती त्या खोलीच्या दारात उभी राहून हे म्हणाली. मी ते फोनवर उतरवून घेतलं आणि तुम्हाला विकलं. ती रोज त्या पुलावरून कामाला जाते."

बाईंनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. त्यांचा चेहरा एकदम उतरला होता. मग त्यांनी विचारलं, जसं कुणीही विचारेल तसं, "मुलगा होता की मुलगी?"

चिरंजीवाने तोंड उघडलं.

उघडलं ते तसंच राहिलं. तो शोधत होता. इस्पितळातलं दार, नर्स, गाडीत मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेली बायको, त्यानंतरचे सगळे दिवस, सगळी जेवणं, सगळी सांत्वनं. कुठेच नव्हतं. त्याने वडलांकडे वळून पाहिलं, लहानपणी गणित अडलं की पाहायचा तसं. आणि ज्यांच्याकडे पिवळ्या रंगासाठीसुद्धा तीन शब्द होते, ते चीफ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"तुम्हाला माहीत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी प्रश्न विचारला नव्हता. दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, समोर काय बसलंय ते कळत नसल्यासारखं. मग फोन उचलला. "पुलावरचा फलक उतरवा. नाही, आज. आत्ता माणसं पाठवा. बाकीचे तीन छापू नका." फोन ठेवून त्या चीफना म्हणाल्या, "सोमवारी नवी ओळ पाठवा. घरातली नको."

गाडीत बसल्यावर चीफनी बायकोला फोन लावला. "ऐक, ते आपलं… सूनबाईचं… मुलगा होता की मुलगी?"

पलीकडून सासूबाईंचा आवाज, अगदी लहान झालेला. "मी कशी विचारणार होते? तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं मला."

"तू एंजल एंजल करत होतीस ती?"

"ते असंच म्हणतात ना सगळे."

"ताईला विचार."

नणंदबाईंनाही माहीत नव्हतं. त्यांनी 'लिटरली' न म्हणता नुसतं "नाही" म्हटलं, आणि मग रडू लागल्या, आणि ते रडणं खरं होतं की कसं हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

चारच्या सुमाराला चिरंजीव बंदराच्या फाटकाबाहेर उभा होता. चीफना त्याने वाटेतच उतरवलं होतं. भोंगा झाला, माणसं बाहेर पडू लागली, वजनकाट्यावरची मैत्रीण त्याला ओळखून हसली आणि हॉटेलाबद्दल काही म्हणणार होती, पण त्याचा चेहरा बघून पुढे गेली. सून शेवटच्या लोकांत आली. हातात निळी बॅग, कपड्यांची.

"उतरवतायत," तो म्हणाला.

"दिसलं. आमच्या खिडकीतून पूल दिसतो. चार माणसं चढलीत. एकाने पट्टा लावला नाहीये."

त्याने बॅग घ्यायला हात पुढे केला. तिने दिली नाही. लांबून स्टेशनकडे जाणारी बस वळताना दिसली.

"मुलगा होता की मुलगी?" त्याने विचारलं.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. इतका वेळ की मागून येणारी दोन माणसं त्यांना वळसा घालून गेली. तिला बहुधा वाटत होतं की तिने चुकीचं ऐकलं. त्याला माहीत नसेल ही शक्यता तिच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. ती समजत होती, त्याला माहीत आहे आणि तो बोलत नाही.

"तुला माहीत नव्हतं?"

"नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही."

तिने बॅग खाली ठेवली. "मुलगी," ती म्हणाली.

बस आली, दार उघडलं, माणसं चढली.

"केस होते तिला. खूप. ओले, कपाळाला चिकटलेले. नर्सने पुसून मागे केले. नखंसुद्धा होती. मी हातात घेतलं तर गरम लागली. मी नर्सला म्हटलं, तुमची काही तरी चूक झालीय, ही गरम आहे. ती म्हणाली, मॅडम, ती तुमच्या अंगाची ऊब आहे. थोड्या वेळाने थंड होईल. मी धरून बसले. मग झाली थंड. आधी पाय झाले."

चिरंजीवाच्या घशाशी एक वाक्य आलं. त्याच्या आजवरच्या वाक्यांत ते सगळ्यात चांगलं असावं. त्याने दात घट्ट मिटले. वाक्य थोडा वेळ तिथेच थांबलं, मग उतरलं.

"मग?" त्याने विचारलं.

"मग त्यांनी मागितली. मी दिली."

बसवाल्याने भोंगा वाजवला. "येणार आहात का, ताई?"

"येते," ती म्हणाली. बॅग उचलली. पायरीवर एक पाय ठेवून थांबली. मागे न वळता म्हणाली, "मी आईकडेच जातेय. किती दिवस ते मला माहीत नाही."

"मी स्टेशनपर्यंत येऊ?"

तिने विचार केला. खरंच केला, उत्तर यायला वेळ लागला आणि बसवाला करवादला.

"ये. पण बोलू नकोस."

तो चढला. मागच्या बाकावर जागा होती. ती खिडकीशी बसली, तो शेजारी, मधे निळी बॅग. पुलापाशी बस हळू झाली, कारण रस्त्याच्या कडेला दोऱ्या सोडल्या होत्या. दोघांपैकी कुणीही वर पाहिलं नाही. पूल ओलांडल्यावर, बाजाराच्या चौकात बस अडकली असताना, तिने त्याला मुलीचं नाव सांगितलं. तिने तिथेच, ती हातात असताना ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. त्याने ते ऐकलं आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसून राहिला, स्टेशन येईपर्यंत.